एका अक्षराचे मोल

सरकारी नोकरीत ज्याची वीस वर्षे गेली आहेत त्यास हुकूम कसा लिहावा हे कोणी शिकवावे लागू नये, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. म्हैसूरच्या कार्यालयात असताना एका नोव्हेंबर महिन्यात एका निर्जीव पेटीने ती समजूत दूर केली. त्या पेटीची ओळख करून द्यावी आणि तिच्याशी बोलताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते हे सांगावे, एवढाच आजचा उद्देश आहे.

स्विच म्हटले की दिव्याचे बटण डोळ्यांपुढे येते. हा स्विच निराळा. कोणत्याही बँकेत, रुग्णालयात किंवा कचेरीत कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात चपट्या पेट्या एकावर एक ठेवलेल्या दिसतात. त्यांच्या दर्शनी बाजूस चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक केबल आणि केबलीशेजारी लुकलुकणारा हिरवा दिवा. कचेरीतला प्रत्येक संगणक या पेटीशी जोडलेला असतो, आणि एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचविणे हे हिचे काम असते.

पूर्वी हे काम फार ढोबळपणे चाले. चाळीच्या चौकात उभे राहून कोणी मोठ्याने हाक मारावी, ती सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकावी आणि ज्याच्या नावाची असेल त्याने ओ द्यावी, तसा हा प्रकार होता. एकाच वेळी दोघे ओरडले तर कोणाचेच ऐकू येत नसे. स्विचने ही रीत बदलली. प्रत्येक संगणकास अठ्ठेचाळीस द्विमान अंकांचा एक पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या खाचेमागे राहतो हे स्विच येणाऱ्या निरोपांवरून शिकतो, आणि मग निरोप नेमका त्याच दाराशी नेऊन देतो. ज्या जातीचे जाळे आज घरोघर पोचले आहे ते इथरनेट १९७३ साली अमेरिकेत जन्मास आले, पण त्यासाठी अनेक खाचांचा पहिला स्विच बाजारात यावयास १९९० साल उजाडले. तो आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ तिच्या संस्थापकांपैकी एक होते. त्या पहिल्या पेटीस अवघ्या सात खाचा होत्या.

कार्यालय वाढते तसा एक स्विच अपुरा पडतो. मग चार पेट्या एकावर एक रचून त्यांच्या पाठीमागून खास केबलींचे एक कडे करतात. या रचनेस स्टॅक म्हणतात. कडे पुरे झाले की चार पेट्या मिळून एकच पेटी होते. तिचे नाव एक, पत्ता एक आणि कारभारही एक. कोणत्याही खाचेचा उल्लेख करावयाचा तर आधी पेटीचा क्रमांक, मग आतील फळीचा आणि शेवटी खाचेचा क्रमांक सांगावयाचा. दोन-शून्य-चौदा म्हणजे दुसऱ्या पेटीतील चौदावी खाच.

चौघांत प्रमुख कोण, हेही त्या आपसांत ठरवितात. प्रत्येक पेटीस एक ते पंधरा यांपैकी अग्रक्रम देता येतो. ज्या पेटीचा अग्रक्रम मोठा ती प्रमुख होते, आणि इतर सर्व बाबतींत बरोबरी झालीच तर जिचा पत्ता लहान तिला मान मिळतो. यात आम्हा नोकरशहांना आवडावी अशी एक गोष्ट आहे. अधिक अग्रक्रमाची पेटी मागाहून येऊन मिळाली तरी ती चालत्या प्रमुखास खुर्चीवरून उठवीत नाही. पुढची निवड होईपर्यंत थांबते. कड्यातील एक केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने कारभार चालू राहतो. मात्र दोन ठिकाणी तुटली तर स्टॅकचे दोन तुकडे होतात, दोन्ही तुकड्यांत प्रमुख उभा राहतो, दोघेही एकच पत्ता सांगू लागतात, आणि मग जो गोंधळ होतो त्याचे वर्णन एकाच पदावर दोन अधिकाऱ्यांची नेमणूक झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना करावयास नको.

या पेटीच्या अंगी आणखी एक गुण आहे. एकाच जाळ्याचे ती केवळ आज्ञेने अनेक भाग पाडते. वाडा एकच, पण कागदावर भिंती आखून दिल्या की हिशेबाच्या शाखेचे बोलणे निवृत्तिवेतनाच्या शाखेस ऐकू जाऊ नये, असा हा प्रकार. अशा प्रत्येक भागास व्हीलॅन म्हणतात आणि त्यास एक ते चार हजार चौऱ्याण्णव यांपैकी एक क्रमांक देतात. खालच्या मजल्यावरील स्टॅक आणि वरच्या मजल्यावरील स्टॅक यांना जोडणारी जी मुख्य वाहिनी असते तिला ट्रंक म्हणतात. तिच्यातून कोणकोणत्या क्रमांकांना जाऊ द्यावयाचे याची एक यादी स्विचजवळ असते. माझ्या गोष्टीतील सारे रामायण या यादीवरून घडले.

आता या पेटीस आज्ञा कशी देतात ते पाहू. पडद्यावर चित्रे दाबून कामे करण्याची आपणांस सवय झाली आहे. पण जाणते तंत्रज्ञ आजही कमांड लाइनच पसंत करतात. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि तिच्यापुढे अक्षरांनी लिहावयाची आज्ञा. या दरबारात क्रमाने उंबरठे ओलांडावे लागतात. पहिल्या उंबरठ्यावर फक्त पाहता येते. ‘एनेबल’ म्हणून परवलीचा शब्द दिला की दुसरा उंबरठा. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ लिहिले की संपूर्ण स्टॅकला लागू होणारे हुकूम देता येतात, आणि ‘इंटरफेस’ म्हणून खाचेचा क्रमांक लिहिला की पुढचे हुकूम त्या एका खाचेपुरते लागू होतात. हुकूम फिरवावयाचा असेल तर त्याच्या आधी ‘नो’ लिहावयाचे, आणि पुढचा शब्द आठवेनासा झाला तर प्रश्नचिन्ह द्यावयाचे, म्हणजे पेटी स्वतःच पर्याय सुचविते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, येथे मसुदा नसतो. ओळ लिहून कळ दाबली की सही झाली, शिक्का झाला आणि अंमलही झाला. दुसरी ही की, हा अंमल प्रथम तात्पुरत्या स्मृतीत होतो. तो कायमच्या स्मृतीत उतरवावा यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही आणि वीज गेली, तर पेटी पुन्हा जागी होते ती जुन्याच हुकमांसह.

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना. आता २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावर, संगणकाद्वारे होऊ शकते. आमच्या कार्यालयात त्या दिवशी सकाळपासून तळमजल्यावर साठ-सत्तर वृद्ध माणसे बसली होती. गर्दी पाहून मीच एक जादा खिडकी उघडण्यास सांगितले. तिच्यासाठी चाळीस क्रमांकाचा नवा व्हीलॅन हवा होता. दहा, वीस आणि तीस हे क्रमांक ट्रंकच्या यादीत आधीपासून होते. वरच्या मजल्यावर बसून आमच्या तरुण तंत्रज्ञाने खालच्या स्टॅकवरील ट्रंकच्या खाचेस आज्ञा दिली. तिचा मराठीत अर्थ इतकाच: या वाहिनीतून चाळीस क्रमांकास जाऊ द्यावे. स्विचने ती तत्काळ पाळली. चाळीसला वाट दिली, आणि दहा, वीस, तीस यांची वाट बंद केली. चारही पेट्यांवरील सर्व खिडक्या एका क्षणात मुक्या झाल्या. तंत्रज्ञाचे स्वतःचे बोलणेही त्याच वाहिनीतून चालले होते. त्यामुळे चूक दुरुस्त करण्याचा मार्गही त्याने आपल्याच हाताने बुजवला होता.

चूक काय झाली होती? ‘अलाउड व्हीलॅन’ या शब्दांनंतर ‘ऍड’ हा शब्द लिहावयाचा राहिला होता. तो शब्द असेल तर यादीत भर पडते. नसेल तर जुनी यादी जाऊन नवी येते. आपल्या भाषेत हेच काम ‘ही’ हे एक अक्षर करते. ‘सभागृहात हिशेब शाखेने बसावे’ आणि ‘सभागृहात हिशेब शाखेनेही बसावे’ या दोन हुकमांत अंतर एका अक्षराचे, पण पहिल्याने आधी बसलेल्यांना उठावे लागते.

पेटीचे कपाट कुलूपबंद, किल्ली ज्याच्याजवळ तो रजेवर. दुसरी किल्ली सापडून थेट केबल जोडून ती आज्ञा सुधारीपर्यंत पाऊण तास गेला. त्या अवधीत मी खाली जाऊन उभा राहिलो. पहिल्या बाकावरील एका वृद्ध बाईंनी मला कन्नडमध्ये शांतपणे विचारले, “हे यंत्र चालू होईपर्यंत मी जिवंत आहे असे धरावयाचे, की नाही?” आजूबाजूचे लोक हसले. मला हसू आले नाही. त्यातील कित्येकांचा पुढील महिन्याचा किराणा त्या ठशावर अवलंबून होता.

म्हैसूर हे गाव हुकमाच्या बाबतीत असे गाफील राहण्याचे नव्हे. येथील प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली आर. शामशास्त्री यांना ताडपत्रांवरील एका पोथीत कौटिल्याचे अर्थशास्त्र गवसले, आणि १९०९ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात राजाचे शासनपत्र कसे लिहावे याचा स्वतंत्र विचार आहे. लेखनाचे सहा गुण तेथे सांगितले आहेत आणि त्यांत परिपूर्णता व स्पष्टपणा यांची गणना केली आहे. एम.ए.च्या वर्गात हा भाग मी वाचला होता. त्या काळी मला तो कारकुनी वाटला होता.

त्या पाऊण तासानंतर त्याचा अर्थ कळला. मी अपुरा हुकूम लिहिला तर माझा जुना हेडक्लार्क दारात येऊन विचारतो, “साहेब, येथे ‘ही’ राहिला काय?” माझ्या शब्दांतील उणीव तो माझा हेतू ओळखून भरून काढतो. अशा माणसांच्या आधारावर आम्ही अधिकारी वर्षानुवर्षे उणे हुकूम लिहीत आलो आणि ते नीट पाळले गेले याचे श्रेय स्वतःकडे घेत आलो. यंत्राजवळ हेतू ओळखण्याची सोय नाही. ते केवळ शब्द पाळते, आणि तेही पुरतेपणी. तेव्हा तरुण तंत्रज्ञाकडून खुलासा मागविण्यापूर्वी मला एक गोष्ट कबूल करावी लागली. भर गर्दीच्या वेळी, तोंडी, ‘लगेच करा’ असे मी म्हटले होते. माझाही हुकूम अपुराच होता.

त्यानंतर आम्ही काही नेम घालून घेतले. चालू कामाच्या वेळात ट्रंकला हात लावावयाचा नाही. आज्ञा आधी कागदावर लिहावयाची आणि दुसऱ्याने ती मोठ्याने वाचावयाची. काम सुरू करण्यापूर्वी ‘रीलोड इन दहा’ अशी आज्ञा द्यावयाची. म्हणजे चूक होऊन दार बंद झालेच तर दहा मिनिटांनी पेटी स्वतःच पुन्हा सुरू होते आणि कायमच्या स्मृतीतील जुने हुकूम परत येतात. सर्व ठीक झाल्यास तो नेमलेला रीलोड ‘रीलोड कॅन्सल’ म्हणून रद्द करावयाचा, ‘शो’ या आज्ञेने यादी डोळ्यांनी पाहावयाची, आणि मगच नवे हुकूम कायम करावयाचे. शेवटी नोंदवहीत तारीख, वेळ, आज्ञा आणि ती देण्यास सांगणाऱ्याचे नाव लिहावयाचे. हा शेवटचा रकाना माझ्या आग्रहावरून घातला आहे. पहिल्या पानावर त्या दिवसाची नोंद आहे, आणि त्या रकान्यात माझे नाव आहे.