दोन वर्षं शिकलं म्हणजे दोन वर्षं धरली जातात का?



मागच्या आठवड्यात शाळा सुटताना एक पालक थांबले. कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत. थोरली मुलगी आमच्याच शाळेतून शिकून गेलेली. म्हणाले, "सर, पोरगी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला जाते म्हणतीय. दोन वर्षं तिथं, मग युनिव्हर्सिटीत. फी कमी पडते म्हणे. पण ही दोन वर्षं पुढं धरतात का?" कर्ज काढायच्या आधी हा प्रश्न विचारला, हे फार बरं झालं.

आपल्याकडं मूल कुपवाडहून मिरजेच्या शाळेत गेलं, तर शाळा सोडल्याचा दाखला दिला की ते त्याच वर्गात बसतं. कॉलेजात मात्र विषय मोजले जातात. विषयाचं वजन म्हणजे क्रेडिट. आठवड्याला एक तासाची तासिका सत्रभर झाली की साधारण एक क्रेडिट. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत ६० होतात. कागदावर हिशेब जुळतो.

अडचण पुढं आहे. कोणती क्रेडिट धरायची, हे घेणारं विद्यापीठ ठरवतं. आपल्या ओळखीचंच उदाहरण बघा. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा केलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. म्हणजे तीन वर्षं शिकला, पदवीचं वर्ष वाचलं एकच.

तिथंही दोन गोष्टी वेगळ्या असतात. क्रेडिट 'मान्य' होणं आणि ते आपल्या मुख्य विषयात धरलं जाणं. समजा, ६० क्रेडिट मान्य झाली, पण इंजिनिअरिंगला लागणारं कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र त्यात नाही. मग बाकीची क्रेडिट ऐच्छिक विषयांत जमा होतात आणि हे विषय नव्यानं करावे लागतात. दोनाऐवजी तीन वर्षं लागू शकतात. परदेशातून आलेल्या मुलाला ते एक वर्ष फार महाग पडतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी विद्यापीठ आणि शाखा ठरवा, मग कॉलेजातले विषय निवडा. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. तिथल्या कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय राज्याच्या विद्यापीठात कशाच्या जागी धरतात, ते त्यावर दिसतं. इतर ठिकाणी विद्यापीठालाच ई-मेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमही ठेवा. साधारणपणे 'सी' किंवा त्यावरची श्रेणी लागते.

दुसरी बदली व्हिसाच्या नोंदीची. एफ-१ व्हिसावरच्या मुलाची नोंद 'सेव्हिस' या सरकारी यंत्रणेत असते. कॉलेज बदलताना जुनं कॉलेज ती नोंद नव्याकडं सोडतं आणि नवं विद्यापीठ नवा आय-२० फॉर्म देतं. नोंद सोडल्यापासून पाच महिन्यांच्या आत पुढचा अभ्यासक्रम सुरू व्हावा लागतो. क्रेडिट मान्य झाली म्हणून हे काम आपोआप होत नाही. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात वेळेत जावं लागतं.

आपल्याकडंही आता हाच विचार आलाय. २०२१ पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू आहे. मुलाची क्रेडिट त्याच्या खात्यात जमा होतात आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पण खात्यात क्रेडिट आहे म्हणून दुसरं कॉलेज ते आपल्या पदवीत धरेलच असं नाही. तिथंही आधी विचारावंच लागतं.

त्या पालकांना मी एवढंच सांगितलं, "पोरीला म्हणावं, पुढच्या विद्यापीठाची विषयांची यादी आधी माझ्यासमोर ठेव. मग बँकेत जाऊ." तुमच्या शाळेतून गेलेली मुलं विचारायला आली, तर त्यांनाही हेच सांगा.