वाळवंटातली हरळी

माझी ताई लग्न होऊन अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात गेली. फिनिक्स शहराच्या बाजूला चँडलर म्हणून गाव आहे, तिथे. गेल्या वर्षी जून महिन्यात एका रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पडलेला. मला वाटलं काहीतरी मोठं झालं. तर म्हणाली, "अगं, तू बॉटनी शिकतेस ना? मग माझं लॉन का मरतंय ते सांग. रोज वीस मिनिटं पाणी देतो. बिल बघून तुझ्या दाजींना घाम फुटलाय. आणि वर सोसायटीचं पत्र आलंय, घरापुढचं गवत पिवळं दिसतंय म्हणून."

मला हसू आलं. बाहेर ४४ डिग्री तापमान, वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आत, आणि माणसं हिरवळ कशी टिकवायची याची काळजी करतात! आपल्या बेळगावात वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तरी मे महिन्यात लॉन वाळतंच. पण ताईचा प्रश्न खरा होता. तिची दोन वर्षांची पोर त्याच गवतावर खेळते. सिमेंटवर आणि खडीवर उन्हाळ्यात पाय ठेवता येत नाही. म्हणून मी जरा वाचलं, आमच्या सरांना विचारलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ते लॉन जगवलं. त्यात मी जे शिकले ते इथे सांगते.

आधी ओळख पटवू

मी ताईला म्हटलं, कॅमेरा गवताच्या अगदी जवळ ने. नेला. जमिनीलगत सरपटणारी कांडी, प्रत्येक पेरापाशी मूळ, बारीक टोकदार पाती. मागे आजी बसली होती. चष्मा वर करून तिने बघितलं आणि म्हणाली, "अगो बाई, ही तर हरळी!"

आजीचं बरोबर होतं. तिकडे ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात, तीच आपली हरळी, कानडीतली गरिके, गणपतीची दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. नाव बर्म्युडा बेटावरून पडलं असलं तरी हे गवत मूळचं तिथलं नाही, ते आपल्याकडचं, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडचं. आजीचा जन्म शेतातून हरळी खणून काढण्यात गेला. उन्हाळ्यात कुदळीने खणायची, काशा वेचायच्या, उन्हात टाकायच्या. तरी पहिल्या पावसाला पुन्हा हजर. त्या गवतासाठी तिकडे लोक पैसे मोजतात हे ऐकून ती बराच वेळ गप्पच बसली.

पण आजीला छळणारा हा चिवटपणाच वाळवंटात कामाला येतो. लॉन ही कल्पना मूळची इंग्लंडसारख्या थंड, ओलसर देशातली. तिकडची राय किंवा फेस्क्यू ही गवतं ज्या पद्धतीने अन्न बनवतात तिला सी-३ म्हणतात. हरळी, ऊस, ज्वारी, मका ही मंडळी सी-४ गटातली. पानावर बारीक छिद्रं असतात. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सी-४ वनस्पती आधी कार्बन डायऑक्साइड पकडून एका जागी साठवतात, त्यामुळे छिद्रं थोडी उघडली तरी त्यांचं भागतं. शिवाय कडक उन्हात सी-३ गवतं धापा टाकतात, तेव्हा हरळी जोमात वाढते. म्हणून वाळवंटात लॉन करायचंच असेल तर पहिला नियम हा, की तिथल्या उन्हाला मानवणारं गवत निवडा. ताईच्या नशिबाने ते आधीच लावलेलं होतं.

पाणी किती लागतं?

गवताला पाणी किती द्यायचं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. जमिनीतून उडून जाणारं आणि पानांतून बाहेर पडणारं, असं दोन्ही मिळून जेवढं पाणी जातं, तेवढंच परत द्यायचं असतं. हवामान केंद्रं हा आकडा मिलिमीटरमध्ये देतात. फिनिक्सकडे जूनच्या कडक दिवसात तो १० मिलिमीटरच्या आसपास जातो. ढोबळ हिशेबाने थंड प्रदेशातल्या गवताला त्याच्या ८० टक्के, तर हरळीला ६० टक्के पाणी पुरतं. म्हणजे रोज ६ मिलिमीटर.

आता एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ताईचं पुढचं-मागचं मिळून लॉन १२० चौरस मीटर. म्हणजे दिवसाला ७२० लिटर! आमच्या गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे आणि तिच्यात पाच माणसांचं घर चालतं. हा आकडा मी सांगितला तेव्हा पलीकडे ताई आणि दाजी एकमेकांकडे बघत राहिले.

रोज थोडं की कधीतरी भरपूर?

ताईची चूक इथे होती. रोज थोडं थोडं पाणी दिलं की फक्त वरचा थर ओला होतो. मुळं तिथेच घुटमळतात, कारण खाली जायची त्यांना गरजच नसते. मग एखादा दिवस ऊन चढलं, की वरचा थर तासाभरात तापतो आणि मुळांसकट गवत होरपळतं. लाड केलेल्या पोरासारखं होतं त्याचं.

तिकडचे जाणकार सांगतात की पाणी १५ ते २५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर खोल जायला हवं, आणि मग पुढच्या पाण्यापर्यंत वरचा थर सुकू द्यायचा. हरळीला उन्हाळ्यात ३ ते ६ दिवसांनी एकदा, आणि हिवाळ्यात १५ ते ३० दिवसांनी एकदा पाणी पुरतं. खोली मोजायला यंत्र नको. पाणी दिल्यावर लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसायचा. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरडी माती लागली की अडतो. ताईच्या लॉनमध्ये तो दोन बोटंच गेला.

मग आम्ही डब्यांची परीक्षा केली. रिकामे सारखे डबे लॉनवर ठिकठिकाणी ठेवायचे, स्प्रिंकलर १० मिनिटं चालवायचे आणि पट्टीने पाणी मोजायचं. एका डब्यात १० मिलिमीटर, तर कोपऱ्यातल्या डब्यात जेमतेम ४. म्हणजे कोपरा जगवायचा तर मधल्या गवताला अडीचपट पाणी! कारण निघालं साधं. एक स्प्रिंकलर कलला होता, आणि दुसऱ्याच्या तोंडात वाळू अडकली होती. दाजींनी एका रविवारी दोन्ही सरळ केले. त्यानंतर सगळ्या डब्यांत ६ ते ७ मिलिमीटर यायला लागलं. पिवळा कोपरा तहानलेला होता, रोगट नव्हता.

आता हिशेब जुळला. चार दिवसांचं मिळून २४ मिलिमीटर एकदम द्यायचं. त्याला सुमारे ३६ मिनिटं लागतात. पण तिथली माती चिकट, आणि कुठे कुठे खाली कॅलिचे नावाचा चुनखडीचा टणक थर असतो. एकदम ३६ मिनिटं सोडलं तर अर्धं पाणी फुटपाथवरून गटारात. म्हणून १२ मिनिटं चालवायचं, तासभर थांबायचं, पुन्हा १२, पुन्हा थांबायचं, पुन्हा १२. मधल्या वेळात पाणी मुरतं. हे सगळं पहाटे, सूर्य उगवायच्या आत. तेव्हा वारा पडलेला असतो आणि वाफही कमी होते.

दोन गोष्टी आणखी. एक म्हणजे गवत फार बारीक कापायचं नाही. साध्या हरळीला दीड-दोन इंच उंची ठीक. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, आणि कापलेलं तिथेच पडू द्यावं, त्याचं खत होतं. दुसरं, त्या भागातल्या पाण्यात क्षार बरेच असतात. वरवर पाणी देत राहिलं की क्षार मुळांपाशी साचतात आणि पात्यांची टोकं जळतात. खोल पाणी दिलं की ते खाली धुऊन जातात. म्हणजे एकाच सवयीने दोन कामं होतात.

हिरवं म्हणजे बारा महिने हिरवं?

नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली की हरळी झोपते. वरून गवताच्या पेंढीसारखी पिवळी दिसते, पण खाली काशा जिवंत असतात. तिकडे अनेक लोकांना हे बघवत नाही. ते ऑक्टोबरात हरळी अगदी खरवडून वर राय गवताचं बी पेरतात. ते उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा पाणी द्यावं लागतं, आणि मग हिवाळाभर चालू. वसंतात पुन्हा राय मरायची आणि हरळी वर यायची, त्या झटापटीत हरळीही अशक्त होते. ताईने यंदा राय पेरलंच नाही. तीन महिने लॉन पिवळं राहिलं. आपल्या डोंगरावरचं गवतही दिवाळीनंतर पिवळंच होतं की! त्याला कुणी मेलं म्हणत नाही.

नदीचा प्रश्न

एवढं करूनही एक प्रश्न उरतोच. हे पाणी येतं कुठून? अ‍ॅरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्निया या राज्यांना कोलोरॅडो नदीचं पाणी मिळतं. सुमारे चार कोटी माणसं त्या नदीवर अवलंबून आहेत. १९२२ साली राज्याराज्यांत करार करून तिचं पाणी वाटलं गेलं, पण ज्या वर्षांवरून हिशेब केला ती नेमकी चांगल्या पावसाची होती. नदीत जेवढं पाणी आहे त्यापेक्षा जास्त कागदावर वाटलं गेलं. आज ती नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. २०२१ मध्ये हूवर धरणाच्या लेक मीड जलाशयासाठी सरकारला पहिल्यांदाच टंचाई जाहीर करावी लागली. नदीच्या पाण्यावरून राज्यं भांडतात म्हणजे काय, हे सीमाभागातल्या आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

नेवाडातल्या लास व्हेगास शहराने यावर जो मार्ग काढला तो मला फार शहाणपणाचा वाटला. घरात अंघोळीला, भांड्यांना वापरलेलं पाणी तिथे शुद्ध करून परत लेक मीडमध्ये सोडतात, आणि जेवढं परत सोडलं तेवढं पुन्हा उचलायला मिळतं. म्हणजे घरातलं पाणी फिरत राहतं. पण लॉनवर टाकलेलं पाणी हवेत गेलं ते गेलंच. म्हणून तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने १९९९ पासून लोकांना लॉन काढायला पैसे द्यायला सुरुवात केली. त्यांच्या हिशेबाने एक चौरस फूट लॉन काढलं की वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे दोनशेच्या वर लिटर पाणी वाचतं. २०२१ मध्ये नेवाडाने कायदाच केला: रस्त्याच्या मधोमध, ऑफिससमोर, जिथे कुणी चालत नाही, खेळत नाही अशा नुसत्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडोचं पाणी द्यायचं नाही. मैदानं आणि राहती घरं त्यातून वगळली आहेत.

मला यातला प्रश्न आवडला. "गवत हवं की नको" असं ते विचारत नाहीत. "या गवतावर पाय कुणाचा पडतो?" असं विचारतात.

मी तोच प्रश्न ताईला विचारला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पुढच्या लॉनवर? फक्त मशीन ढकलणाऱ्याचा."

पुढे काय झालं

सोसायटीशी बरीच पत्रापत्री झाली. त्यांच्याकडे वाळवंटी झाडांची यादी होतीच, फक्त अर्ज करून परवानगी घ्यावी लागली. पुढचं ६० चौरस मीटर लॉन निघालं. तिथे पालो व्हेर्दे आणि मेस्कीट ही तिथली झाडं लावली, त्यांना ठिबक. प्लास्टिकचं गवत घालावं असं दाजींचं मत होतं, पण ते उन्हात इतकं तापतं की लहान मुलाचा पाय भाजेल, म्हणून तो विषय बंद झाला. मागचं ६० चौरस मीटर ठेवलं. ७२० लिटरांचे ३६० झाले, आणि गवत पूर्वीपेक्षा दाट आहे. गणपतीत ताईने तिथूनच एकवीस दूर्वा खुडल्या. आजी म्हणाली, "बघ, मी जन्मभर उपटली, आणि नात सांभाळत बसलीय."

हे सगळं लिहायचं कारण दुसरंच आहे. आपल्या कॉलेजच्या गेटजवळच्या लॉनला माळीकाका रोज सकाळी अकराला, भर उन्हात, पाइपने पाणी मारतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "काका, चार दिवसांतून एकदा, पहाटे, भरपूर द्या की." ते हसले. "बाई, पहाटे नळाला पाणी कुठंय? आणि रोज पाइप हातात दिसला नाही तर काम करत नाही म्हणतील."

त्यांचंही खरं आहे. गवताचं शास्त्र शिकायला मला महिना लागला. ही दुसरी अडचण सोडवायची तर आपल्यालाच ऑफिसात जाऊन बोलावं लागेल. डबे मी आणते. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता गेटपाशी कोण कोण येतंय?