कांगोरीचा डोंगरी तुरुंग

तुरुंग म्हटला की उंच भिंती, लोखंडी गज आणि दारावरचा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. पण महाड तालुक्यातला एक जुना तुरुंग म्हणजे आख्खा डोंगरच होता. त्याचे नाव कांगोरी ऊर्फ मंगळगड.

सुमारे २,४५० फूट उंचीचा हा किल्ला मूळचा जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखातला. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पुढे तो स्वराज्याचा मंगळगड झाला. पेशवाईत मात्र तिथे राजकैदी ठेवू लागले. भोवती तुटलेले कडे, खाली रान, चढायला अवघड वाट. वर टाक्यांत पाणी असले, तरी दाणागोटा खालूनच न्यायचा. अशा जागी बेडीपेक्षा कडाच माणसाला बांधून ठेवतो.

या मुलखातले इतर गडही याच कामी आले. पेशव्यांचे जुने कारभारी सखारामबापू बोकील यांना नाना फडणीसांनी कैद केले. त्यांना प्रतापगडावर ठेवले, पुढे रायगडावर हलवले. तिथेच १७८१ मध्ये ते वारले.

कांगोरीवरचे मोठे कैदी म्हणजे चतुरसिंग भोसले, सातारच्या दुसऱ्या शाहू महाराजांचे भाऊ. छत्रपती नावाचे धनी आणि कारभार पेशव्यांचा, हे त्यांना सोसवेना. त्यांनी पेशव्यांशी वैर धरले. १८१२ च्या सुमारास त्रिंबकजी डेंगळ्यांनी त्यांना दग्याने पकडले आणि कांगोरीवर डांबले.

१८१७ साली इंग्रज-पेशवे लढाई जुंपली. हैदराबादहून पुण्याला निघालेले हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी उरुळीजवळ मराठ्यांच्या हाती सापडले. त्यांनाही कांगोरीवर ठेवले, नंतर वासोट्याला नेले. एप्रिल १८१८ मध्ये वासोटा पडला आणि ते सुटले.

त्याच एप्रिलात चतुरसिंगांचे पुतणे प्रतापसिंह महाराज पुन्हा सातारच्या गादीवर बसले. पेशव्यांचा ताबा सुटला, पण राज्यावर देखरेख आता इंग्रजांची आली. चतुरसिंगांच्या वाट्याला एवढेही पाहणे आले नाही. त्याच साली ते कैदेतच वारले.

आज पिंपळवाडीकडून गडावर जाता येते. माचीवर कांगोरीनाथाचे देऊळ आहे, ढासळलेली तटबंदी आहे, टाकी आहेत. मुलाबाळांना घेऊन गेलात तर देवदर्शन घ्याच. पण कड्याशी क्षणभर थांबून चतुरसिंगांची हकिगतही त्यांना सांगा. ज्या वाटेने आपण दिवसाउजेडी घरी परततो, तीच वाट त्यांना वर्षानुवर्षे नुसती वरून दिसत होती.