तळघरातून दिसलेलं भविष्य

ॲसिडियन नावाचा एक समुद्री प्राणी आहे. खडकाला चिकटून बसायचं, पाणी आत ओढायचं, त्यातले अन्नकण गाळून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं आयुष्य. दिसायला एखादी ओली पिशवीच. पण त्याचं पिल्लू पाहावं! ते शेपटी हलवत पोहतं, त्याला उजेड कळतो आणि त्याच्या शेपटीत चक्क पृष्ठरज्जू असते. आपल्या गर्भातही पाठीचा कणा घडण्याआधी अशीच एक रज्जू असते. योग्य जागा सापडली की हे पिल्लू खडकाला डोकं टेकतं आणि कायमचं तिथेच राहतं. मग शेपटी, रज्जू, डोळा, मेंदूचा बराचसा भाग, सगळं विरघळून जातं. आपला हा लांबचा भाऊबंद बैठं आयुष्य मिळताच कण्याचा आधार सोडून देतो.

एडविन रे लँकेस्टर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १८८० साली एका छोट्या पुस्तकात अशा प्राण्यांकडे लक्ष वेधलं. उत्क्रांती म्हणजे वर वर जाणारा जिना, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. लँकेस्टर सांगत होता की अन्न आणि सुरक्षितता आयती मिळाली, तर जीव खालीही उतरतो. पुढे कादंबरीकार झालेल्या एच. जी. वेल्सला ही कल्पना भिडली. १८९१ मध्ये त्यानं याच विषयावर एक लेखही लिहिला.

या वेल्सचं लहानपण सांगायलाच हवं. वडील भांड्यांचे दुकानदार आणि क्रिकेटपटू. १८६२ मध्ये त्यांनी केंटकडून खेळताना सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते! पण घरात पैसा नव्हता. आई ससेक्समधल्या अपपार्क या जमीनदारी वाड्यात नोकरांवर देखरेख करायची आणि तिची खोली होती तळघरात. मुख्य वाड्यापासून वेगळ्या बांधलेल्या स्वयंपाकघराकडे आणि तबेल्याकडे नोकरांची ये-जा चालायची ती भुयारांतून. वर हिरवळ आणि दिवाणखाने, खाली वाडा चालवणारी माणसं. वेल्सनं हे पोरवयात पाहिलं. पुढे कापडदुकानात उमेदवारी करून कंटाळलेला हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून १८८४ मध्ये लंडनला गेला. तिथे त्याला जीवशास्त्र शिकवलं ते थॉमस हक्सले यांनी, डार्विनच्या सर्वांत झुंजार समर्थकानं.

आता वेल्सची १८९५ सालची कादंबरी ‘द टाइम मशीन’ उघडा. कालयंत्रात बसलेला प्रवासी ८,०२,७०१ या वर्षात पोचतो. जमिनीवर एलॉय राहतात: सुंदर, बुटके, फळं खाणारे आणि मुलांसारखे लगेच कंटाळणारे. जमिनीखाली मॉरलॉक राहतात: पांढुरके, मोठ्या डोळ्यांचे, उजेडाला भिणारे. यंत्रं तेच चालवतात. दोघांचेही पूर्वज माणसंच. वेल्स गुहांतल्या पांढऱ्या माशांचा दाखला देतो आणि लंडनमधली भुयारी रेल्वे, जमिनीखालची कामाची ठिकाणं वाढत चालल्याकडे बोट दाखवतो. मॉरलॉक अजूनही एलॉयांना कपडे पुरवतात, बहुधा पिढ्यान्पिढ्यांच्या सेवेची सवय म्हणून. आणि अंधार पडला की त्यांनाच खातात.

माझ्या मते कादंबरीतली सर्वांत खोल जागा मात्र जाता जाता आलेल्या एका विचारात आहे. श्रीमंत आणि कष्टकरी यांच्यातली लग्नं अधूनमधून होतात, म्हणून मानवजातीची फाळणी लांबते, असं प्रवाशाला वाटतं. हे शुद्ध जीवशास्त्र आहे! दोन गटांमधला बेटीव्यवहार पूर्ण थांबला आणि तसा फार काळ राहिला, की एका जातीच्या जीवांच्या दोन जाती होऊ शकतात. वर्गभेदाची एवढी भयंकर किंमत त्याआधी क्वचितच कुणी मांडली असेल. हातातला पैसा नव्हे, थेट हाडामांसाचं शरीरच बदलतं. शिवाय घसरण दोन्हीकडे आहे. मालक ॲसिडियनसारखा बसून बसून दुबळा झाला आणि नोकर अंधारात राहून राहून उजेडाला पारखा झाला.

प्रवासी स्वतःही आधी चुकतो, हे मला फार आवडतं. पहिल्यांदा एलॉय दिसतात, तेव्हा त्याला वाटतं की सगळे सुखी आणि समान झाले, म्हणूनच निवांत आणि दुबळे बनले. मग विहिरींसारखी भोकं दिसतात, खालून यंत्रांची धडधड ऐकू येते आणि त्याला आपला सिद्धान्त मोडून नवा मांडावा लागतो. प्रयोगशाळेत शिकलेल्या माणसाचीच ही रीत.

पुस्तक छापून आलं तेव्हा वेल्सनं मे १८९५ मध्ये एक प्रत हक्सले यांना पाठवली. सुरक्षिततेमागून येणारा ऱ्हास ही त्यातली मूळ कल्पना आपल्याला जीवशास्त्राच्या अभ्यासातून सुचली, असं त्यानं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. २९ जून १८९५ रोजी हक्सले वारले.