पैसे यायला पिन लागत नाही

उस्मानाबादी शेळी विकायची असली की हल्ली फोटो आधी व्हॉट्सॲपवर जातो, शेळी बाजारात नंतर. मग फोन येतो : "शेळ्या पसंत आहेत, पाच हजार इसार देतो. स्कॅनर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." भूम-परंड्याकडच्या वस्तीवरल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. दुकानात स्कॅन केलं की व्यवहार होतो, एवढंच त्यानं पाहिलेलं असतं. तो पिन टाकतो आणि इसार येण्याऐवजी त्याच्याच खात्यातून पाच हजार जातात.

यूपीआयचा पिन म्हणजे पैसे काढायच्या स्लिपवरची आपली सही. दुसरा कुणी आपल्या खात्यात पैसे भरणार असेल, तर आपल्या सहीची गरजच काय? शिल्लक पाहायला पिन लागतो, पाठवायला लागतो. घ्यायला कधीच नाही. अनोळखी माणसानं पैशाची मागणी पाठवायची आणि आपण चुकून मंजूर करायची, ही वाट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. स्कॅनरची मात्र उघडीच आहे.

दुसरा गैरसमज हिरव्या खुणेचा. तुळजापुरात नवरात्रात कवड्यांच्या माळा विकणाऱ्या बाईला गर्दीत कुणी तरी फोनचा पडदा दाखवतो, "झालं बघा मावशी," आणि निघून जातो. तसा पडदा बनावट करता येतो. आपल्या खात्याचा मेसेज किंवा पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या आपल्या यंत्राचा आवाज, एवढाच पुरावा धरावा. खरोखरच पैसे मध्ये अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला दिलेली रक्कम पाच दिवसांत, व्यक्तीला पाठवलेली दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई.

स्मार्टफोन नसेल तर हे सगळं आपल्यासाठी नाही, हेही खरं नाही. साध्या फोनवर इंटरनेटशिवाय *९९# चालतं, आणि मार्च २०२२ पासून 'यूपीआय १२३पे'ही आहे.

आधारच्या यंत्रावर द्यायच्या अंगठ्याबद्दल मात्र लोक फारच निर्धास्त आहेत, आणि मला खरी काळजी तिथंच वाटते. "नुसती शिल्लक बघायला अंगठा दिला," असं म्हणतात. पण आधारवरच्या व्यवहारात शिल्लक पाहायलाही तोच अंगठा आणि पैसे काढायलाही तोच, पिन नाहीच. म्हणून यंत्रावर काय निवडलंय ते आधी विचारावं आणि पावती हातात घेतल्याशिवाय उठू नये. आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांचे ठसे लॉकही करता येतात.

आणि "गेलेले पैसे गेलेच"? घरात कळेल या लाजेपायी माणूस दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून काढून घेतले जातात. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला, तर रक्कम ज्या खात्यात गेली तिथं ती रोखून धरता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार आपल्याच चुकीनं पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फोन करताना बँकेचं नाव, वेळ आणि मेसेजमधला १२ अंकी व्यवहार क्रमांक समोर ठेवा. वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराला हाक मारा, पण त्याच तासात.