नांगरापासून लेथपर्यंत : किर्लोस्कर कुटुंबाच्या यंत्रनिर्मितीचा आढावा

प्रस्तावना
कोणत्याही देशाचे औद्योगिक स्वावलंबन तो किती वस्तू बनवितो यापेक्षा त्या वस्तू बनविणारी यंत्रे कोठून येतात यावर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात किर्लोस्कर कुटुंबाच्या लेथनिर्मितीचा या दृष्टीने विचार केला आहे.

लेथचे महत्त्व
लेथ म्हणजे कातयंत्र. यात धातूचा तुकडा स्वतःभोवती फिरतो व पुढे सरकणारे हत्यार त्याला कापून गोल आकार देते. हत्याराला दिशा देणारा बिडाचा पाया किंचित जरी वाकडा असला, तरी तो दोष कातलेल्या प्रत्येक दंडात उतरतो. ओतकामानंतर बिडात राहिलेला ताण कमी झाल्याशिवाय या पायाचे अंतिम काम करता येत नाही. म्हणूनच लेथनिर्मितीसाठी कौशल्याइतकेच भांडवल व धीर लागतो.

पार्श्वभूमी
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगावात उद्योग उभारला. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून परतले.

हरिहरचा कारखाना
दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रांची आवक घटली आणि देशातील कारखान्यांचे परावलंबन उघड झाले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे, तुंगभद्रेच्या काठी, 'म्हैसूर किर्लोस्कर' हा यंत्रावजारांचा कारखाना स्थापन झाला. बंगळूरचा सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्स त्यानंतर १९५३ मध्ये अस्तित्वात आला. स्वातंत्र्योत्तर काळात हरिहरचे लेथ देशभरातील लहान-मोठ्या कार्यशाळांत पोहोचले. १९९१ नंतर मात्र आयात खुली झाली व संगणकनियंत्रित यंत्रांची स्पर्धा वाढली. बदललेल्या परिस्थितीत कारखाना अडचणीत आला आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी बंद पडला. कामगारांबरोबरच त्यांच्यावर अवलंबून असलेल्या गावालाही त्याची झळ बसली.

निष्कर्ष
वर्ध्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा मार्ग या उद्योगाहून सर्वस्वी भिन्न होता. तथापि अवजार कोण घडवितो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. चरख्याची चातीही सरळ नसेल तर सूत तुटते. किर्लोस्करांच्या इतिहासावरून असे दिसते की, यंत्र घडविण्याची क्षमता एकदा मिळवून भागत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्या तंत्रासह पुन्हा मिळवावी लागते. जुने किर्लोस्कर लेथ अनेक कार्यशाळांत आजही चालू आहेत. ते घडविणारा कारखाना मात्र उरलेला नाही.