सहकारी वीज आणि कायदा

आमच्या पार्सेत वीज सरकारी खात्याची येते. म्हणून ग्राहकच वीजसंस्थेचे मालक, ही गोष्ट आपणांस नवलाची वाटेल. बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची ग्रामीण विद्युत सहकारी संस्था १९६९ साली स्थापन झाली. ती वीज विकत घेऊन सभासदांस पुरविते. २००३ च्या विद्युत कायद्यान्वये प्रत्येक वितरकाने ठरावीक हिस्सा सूर्य, वारा अशा स्रोतांतून घ्यावयाचा असतो. तो राज्याचा नियामक आयोग ठरवितो. हेतू उत्तमच! परंतु अशा खरेदीत वाढीव खर्च आला, तर मोठी कंपनी तो अनेक जिल्ह्यांवर पसरविते. लहान संस्थेस तो मोजक्या सभासदांच्याच बिलांत घालावा लागतो. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा संस्थेचा परवाना तर थकबाकीच्या वादात २०११ मध्ये संपला आणि तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. दर ठरविण्यापूर्वी आयोगाने जनतेच्या हरकती विचारात घ्याव्यात, असेही तोच कायदा सांगतो. तो हक्क हुक्केरीकरांप्रमाणे आम्हां गोमंतकीय ग्राहकांसही आहे.